बावन्न पत्त्यांचा पंचनामा

नोकरीच्या एकतीस वर्षांत माझ्या हाताखालून पुष्कळ मुद्देमाल गेला. कोयते, गावठी दारूच्या ट्यूबा, चोरीच्या मोटारी, एकदा तर जिवंत बोकड. पण ज्या मुद्देमालाची आठवण झाली की मी अजून एकटाच हसतो, तो म्हणजे पत्त्यांचा एक कॅट आणि पोचा आलेली पितळी कळशी. गुन्हा म्हणाल तर किरकोळ, अदखलपात्र. तरी त्यात मी नोकरीतली सगळ्यात मोठी चूक करणार होतो, आणि तीसुद्धा छाती फुगवून.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी उपनिरीक्षक होतो आणि मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या रस्त्यावरच्या एका दूरक्षेत्राचा ताबा माझ्याकडे होता. दूरक्षेत्र म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटा, एक बिनतारी संच आणि कागदावर सहा माणसं. सहातला एक कायम रजेवर आणि एक कोर्टात. उरलेल्यांत महत्त्वाचे रायटर, म्हणजे लिखापढी सांभाळणारे हवालदार. शहापूर तालुक्यातले, किन्हवलीकडचे. माझ्याहून वयाने बरेच मोठे. अक्षर सुरेख आणि बोलणं इतकं सावकाश की वाक्य संपेपर्यंत समोरच्याने गुन्हा कबूल करावा.

आमच्या हद्दीतल्या एका गावात दर गुरुवारी बाजार भरे. बाजाराचं मैदान उताराचं होतं. वर एसटीचा थांबा, खाली ओढा. थांब्याला लागून दहा दुकानं मांडता येतील एवढी सपाट, सावलीची जागा होती. तिला वरची रांग म्हणत. बसमधून उतरलेलं गिऱ्हाईक आधी तिथे थांबे. बाकी सगळे खाली, ओढ्याकडे, उन्हात आणि सुकी मासळी विकणाऱ्यांच्या शेजारी.

वरच्या रांगेवरून पूर्वी दर गुरुवारी डोकी फुटत. मग गावकीने एक रीत पाडली. प्रत्येक विक्रेत्याचा पत्त्यांतला एक पत्ता ठरलेला. कुणी बदामचा गुलाम, कुणी इस्पिकची सत्ती. सकाळी सात वाजता सगळे पत्ते कळशीत टाकून हलवायचे आणि दहा पत्ते काढायचे. ज्यांचे निघतील ते त्या दिवशी वर बसतील. बाकीच्यांनी तोंडातून शब्द न काढता खाली जायचं. माणसं आपल्या पत्त्याने ओळखली जात. ‘चौकट नव्वी आज आली नाही, लेक बाळंत झाली वाटतं,’ असं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

पत्ते काढायचा मान एका म्हाताऱ्याचा होता. त्यांना सगळे तात्या म्हणत. स्वतः काही विकत नसत, म्हणून तर हा मान त्यांच्याकडे आला होता. तीस वर्षांत त्यांच्या हातावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

सुरुवातीला विक्रेते एकोणचाळीस होते. इस्पिक, बदाम आणि चौकट एवढ्यात भागे. पुढे ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीतून आणि डोंगराकडच्या पाड्यांवरून तेरा जणी माल घेऊन येऊ लागल्या. गावकीने त्यांनाही सामावून घेतलं आणि किलवरचे तेरा पत्ते दिले. कॅट पुरा झाला आणि सगळं सुरळीत चाललं. निदान मला तसंच सांगण्यात आलं होतं.

एका गुरुवारी सकाळी आठच्या सुमाराला दूरक्षेत्राच्या ओट्यावर पन्नास माणसं जमा झाली. पुढे तात्या, मनगटाला फडकं बांधलेलं. मागे एक तिशीतली बाई, पदर खोचलेला, हातात चिखलाने भरलेलं गाठोडं. ती बौद्धवस्तीतली. घरच्या मशीनवर झबली, टोपरी, दुपटी शिवून बाजारात विकायची. तिचा पत्ता किलवरची राणी.

घडलं होतं ते असं. दहावा पत्ता निघाला आणि तोही किलवरचा नव्हता, तेव्हा हिने पुढे होऊन तात्यांच्या हातातली कळशी हिसकली आणि जमिनीवर आपटली. त्या ओढाताणीत तात्या पडले. गावकीची मंडळी म्हणत होती, मारहाणीची तक्रार घ्या. आणि पुढच्या गुरुवारपासून हिला बाजारात पाय ठेवू देणार नाही.

ठाण्यात आलेला माणूस खरं बोलतो की खोटं, हे तोंडावरून ओळखता येतं असं मला त्या काळी वाटायचं. खोटं बोलणारा आधी रडतो, खरं बोलणारा आधी चिडतो, असला माझा हिशेब. ही बाई दोन्ही करत होती, त्यामुळे माझी पंचाईत झाली.

“सायेब, मी ढकललं नाय त्यांना,” ती म्हणाली. “कळशी घेतली ती घेतली, ते कबूल. पण आमच्या किलवरला वर येऊच देत नाय. आमी तेरा जणी, आमाला खालीच बसवायचं असं ठरलंय यांचं. माझं झबलं कोण घेल सांगा? बोंबलाचा वास मारतो त्याला. बाया नाकाला लावतात नि परत ठेवतात.”

“पुरावा काय?” मी विचारलं.

तिने गाठोड्यातून कापडाची एक लांब पट्टी काढली. तिच्यावर ओळीने चुण्या शिवलेल्या आणि मध्येच कुठेतरी बटणं. संशय आल्यापासून दर गुरुवारी एक चुणी घालायची आणि राणी निघाली तर त्या चुणीवर बटण लावायचं, असा तिचा हिशेब. रायटरांनी चष्मा लावून मोजलं. चुण्या छत्तीस, बटणं तीन.

ओट्यावरचे लोक हसले. खरं सांगायचं तर मीही हसलो. आजपर्यंत मी पुराव्यादाखल चिठ्ठ्या पाहिल्या होत्या, वह्या पाहिल्या होत्या; चुण्या कधी पाहिल्या नव्हत्या. आणि हसता हसता मला एक झकास कल्पना सुचली. इथेच, सगळ्यांसमोर, पत्ते काढून बघायचे.

पत्ते गोळा करून पुसून घेतले. बावन्नही सापडले. कळशीत टाकून हलवले आणि शिपायाला दहा काढायला सांगितले. पाचवा पत्ता किलवर सत्ती. आठवा पत्ता दस्तुरखुद्द किलवरची राणी.

ओट्यावर असा काही हशा उसळला की शेजारच्या झाडावरचे कावळे उडाले. मी बाईला म्हणालो, “ही बघ, तुझी राणी आली की नाही? दहात दोन किलवर. आणखी काय पाहिजे?”

ती हसली नाही. “एक डाव आली म्हणून काय झालं, सायेब?” एवढंच म्हणाली आणि पट्टीची घडी घालू लागली.

मी रायटरांना डायरीत लिहायला सांगितलं की तक्रारीत तथ्य दिसून येत नाही. दोन्ही बाजूंचे जबाब घेतले, कळशी आणि पत्ते ताब्यात घेतले आणि मंडळींना घरी धाडलं. मामला निकालात निघाला, असं समजून मी चहा मागवला.

चहाबरोबर खबर आली. चहावाला पेला ठेवताना हळूच म्हणाला, “सायेब, माझं नाव नका घेऊ. पण तात्या पत्ते बघून नाय काढत. बोटांनी चाचपून काढतात. मी डोळ्यांनी बघितलंय.”

आता आली का पंचाईत! ती बाई पुन्हा डोळ्यांसमोर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तात्यांना बोलावून घेतलं. ते आले आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. मी सरळ विचारलं, “तात्या, तुम्ही पत्ते चाचपून काढता?”

“मंग काय करू?” ते म्हणाले. “दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. कळशीत अंधार, माझ्या डोळ्यांत अंधार. हाताला लागंल ते उचलायचं. वाचतो दुसराच कोणतरी.”

“हाताला किलवर लागत नाही का?”

हा प्रश्न मी जरा चढ्या आवाजात विचारला. पोलिसाच्या आवाजात एक चाबूक असतो आणि तो कुणावर उगारतोय हे कधीकधी त्याचं त्यालाच कळत नाही. तात्या फडकं बांधलेला हात टेबलावर ठेवून म्हणाले, “बघून घ्या तुमी हा हात. त्या पोरीने आपटलं तेवा दुखलं नाय एवढं आत्ता दुखलं.” आणि समोरचा चहा तसाच ठेवून उठून गेले. मला वाईट वाटलं, पण संशय गेला नाही. किंबहुना वाढलाच. निरपराध माणूस इतका दुखावतो कशाला, असा उफराटा विचार मी केला.

रायटर हे सगळं ऐकत होते. म्हणाले, “साहेब, एक विचारू? आपण घाटाच्या रस्त्यावर नाकाबंदी लावतो, ती एकच दिवस लावून का थांबत नाही?”

“एका दिवसात काय कळणार? त्या दिवशी गाडी आली नाही म्हणजे दारू जातच नाही, असं थोडंच आहे.”

“तेच म्हणतोय मी,” ते म्हणाले आणि पुन्हा लिहायला लागले.

मला उमजायला दोन मिनिटं लागली. कानशिलं गरम झाली. दहा पत्त्यांवर मी त्या बाईला खोटं ठरवलं होतं. ती माझ्यासमोर छत्तीस गुरुवारांची पट्टी धरून उभी होती आणि मी एका डावाच्या जोरावर हसत होतो.

“मग किती वेळा काढायचे?” मी विचारलं.

“आकडा हलायचा थांबेपर्यंत,” रायटर म्हणाले.

त्यांनी हिशेबही मांडून दाखवला. चार रंग, प्रत्येकाचे तेरा पत्ते. कळशीला सगळे सारखे असतील तर काढलेल्या पत्त्यांत किलवर साधारण चौथा हिस्सा निघायला हवी. दर डावात नेमकी नाही. कधी एक, कधी चार. पण डाव वाढले की चौथ्या हिश्श्याच्या आसपास येऊन बसायला हवी. आणि बावन्न गुरुवारांच्या वर्षात प्रत्येक पत्त्याला दहा वेळा तरी वरची रांग मिळायला हवी, थोडं इकडेतिकडे.

जुनं कोरं रजिस्टर काढलं. शंभर डाव ठरले. प्रत्येक डावात दहा पत्ते काढायचे, लिहायचे, परत कळशीत टाकायचे, हलवायचे आणि पुन्हा काढायचे. हातातलं काम सांभाळून, ज्याला फुरसत मिळेल त्याने. आदल्या दिवशीचा माझा तो दिमाखदार डाव पहिला म्हणून लिहिला. दुसऱ्या डावात तीन किलवर आल्या. वीस पत्त्यांत पाच, अगदी ठरवून दिल्यासारखा चौथा हिस्सा. मी म्हणालो, “बघा, जमलं!” रायटरांनी मान वर न करता सांगितलं, “अजून अठ्ठ्याण्णव आहेत.”

शंभर पत्ते झाले तेव्हा किलवर सोळा. माझा उत्साह मावळला. अडीचशेला तेहतीस. आता तर शिपाईसुद्धा प्रत्येक डावाला जवळ येऊन उभे राहू लागले.

शनिवारी दुपारी ही बैठक रंगात असतानाच मुरबाडहून आमचे वरिष्ठ अचानक तपासणीला आले. त्यांनी जे पाहिलं ते असं: ओट्यावर मधोमध कळशी, भोवती मांडी घालून चार पोलीस, एकाच्या हातात पत्ते, आणि दुसरा ओरडतोय, “बदाम एक्का!”

“पोलिसांच्याच ओट्यावर जुगार?” वरिष्ठांचा चेहरा लालबुंद. रायटरांनी शांतपणे सॅल्यूट ठोकला आणि रजिस्टर पुढे केलं. “तपास चालू आहे, साहेब. त्रेपन्नावा डाव.”

वरिष्ठांनी सगळं ऐकून घेतलं, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “सरका जरा.” दोन डाव त्यांनी स्वतः काढले. त्यांच्याही हाताला वीस पत्त्यांत दोनच किलवर लागल्या. जाताना म्हणाले, “शेवटचा आकडा मला फोनवर कळवा.”

सोमवारी संध्याकाळी शंभर डाव पुरे झाले. हजार पत्त्यांत किलवर अडीचशेच्या आसपास यायला हव्या होत्या; आल्या एकशे एकवीस. राणी शंभर डावांत एकोणीसेक वेळा निघायला हवी होती. निघाली नऊ वेळा. पाचशे पत्त्यांपासून पुढे हिस्सा फारसा हललाच नव्हता. आठात एक, तो आठात एकच.

बाई खरं बोलत होती. मी ताडकन उठलो. “म्हणजे तात्याच!”

रायटरांनी पेन खाली ठेवलं. “साहेब, या हजारात तात्यांनी किती काढले?”

एकही नाही. काढले होते आमच्या शिपायांनी, मी आणि वरिष्ठांनी. कोणाचाही हात घाला, किलवर कमीच. म्हणजे हात दोषी नव्हता. ज्या मोजणीने बाई खरी ठरली, तिनेच म्हाताराही सुटला होता. एवढा वेळ मी दोघांतला खोटारडा शोधत होतो आणि तिथे कुणी खोटारडा नव्हताच.

मग मी पत्ते हातात घेतले. तेरा किलवर एका बाजूला काढल्या आणि डोळे मिटून बोटं फिरवली. आणि कळलं. इस्पिक, बदाम, चौकट हे जुन्या कागदी कॅटमधले. वर्षानुवर्षं हाताळून, दमट हवेत फुगून, कडा पिंजून जाडजूड झालेले. किलवर मात्र नव्या, गुळगुळीत प्लास्टिकच्या कॅटमधल्या, पातळ आणि सुळसुळीत. चौकशी केली तर समजलं की या तेरा जणी आल्या तेव्हा जुन्या कॅटमधली किलवर उंदरांनी कुरतडलेली सापडली. तेव्हा कुणीतरी मुरबाडहून नवा कॅट आणला आणि त्यातल्या फक्त किलवर उचलून जुन्यांत मिसळल्या. अख्खा नवा कॅट वापरावा असं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण जुने पत्ते ‘गुणाचे’ होते. कळशी हलवली की सुळसुळीत पत्ते घसरून तळाशी बसत आणि फुगलेले वर राहत. हात आत गेला की जे वर असेल ते बाहेर येई.

खात्री करायची म्हणून अख्खा नवा कॅट आणला आणि मंगळवार-बुधवारात पुन्हा शंभर डाव काढले. हजारात किलवर दोनशे चव्वेचाळीस आल्या. रायटर पहिल्यांदाच हसले. मी डायरीतली ‘तथ्य दिसून येत नाही’ ही नोंद खोडली, खाली खरी हकिगत लिहिली आणि वरिष्ठांना फोन केला.

बुधवारी दुपारी मी एकटाच तात्यांच्या घरी गेलो. गणवेशात असताना मी आजवर कुणाची माफी मागितली नव्हती. शब्द जुळवत होतो तोच ते म्हणाले, “बसा आधी. चा घ्या.” चहा झाल्यावर मी सगळं सांगितलं आणि माझं चुकलं हेही सांगितलं. ते म्हणाले, “म्हंजे ती पोर बरोबर बोलत होती. दोन वरसं मी तिला खाली धाडलं. मला कळलं नाय हो, सायेब.” त्यांचे डोळे भरून आले. तीस वर्षांचा मान गेला याचं दुःख त्यात नव्हतं, एवढं नक्की.

गुरुवारी सकाळी मी आणि रायटर बाजारात गेलो. गावकीच्या मंडळींना रजिस्टर दाखवलं, जुने पत्ते आणि नवे पत्ते त्यांच्या हातात देऊन डोळे मिटायला लावलं. एकेकाचा चेहरा उतरत गेला. तक्रार मागे घेतली गेली. बाईला बाजारबंदी करण्याचा विषय कुणी काढलाच नाही.

नवा कॅट कळशीत टाकला, पण तात्या हात लावेनात. “आता दुसरा कोणतरी बघा,” म्हणाले. तेव्हा ती बाई पुढे झाली. कळशी उचलून तिने त्यांच्यासमोर धरली.

“तात्या, तुमीच काढा. मी धरते.”

“हात दुखतो गो बाय,” ते म्हणाले.

“दुसऱ्या हातानं काढा. ह्यो पण आपलाच नं?”

म्हाताऱ्याने डावा हात कळशीत घातला. एकेक पत्ता निघू लागला. दुसराच पत्ता किलवर पंजी. डोंगराकडून करवंदं घेऊन येणारी एक म्हातारी टोपली डोक्यावर घेऊन अक्षरशः धावत वर गेली. पुढे आणखी दोन किलवर आल्या. मी दहाव्या पत्त्याकडे श्वास रोखून बघत होतो. खोटं कशाला बोलू, मला त्या बाईची राणी निघायला हवी होती. इतके दिवस राबल्यावर तेवढं तरी व्हावं, असं वाटत होतं.

दहावा पत्ता इस्पिकचा दस्सा निघाला.

मी ओशाळून तिच्याकडे पाहिलं. ती मात्र गाठोडं उचलून डोक्यावर घेत होती. माझा पडलेला चेहरा बघून तिला हसू आलं. “आज नाय आली, सायेब. येल पुढल्या गुरुवारी, नाय तर त्याच्या पुढल्या. आता यायचीच नं ती?” आणि ओढ्याकडच्या उतारावर, बोंबीलवाल्यांच्या शेजारी जाऊन तिने आपली झबली मांडली.

पुढे मी अनेक ठिकाणी काम केलं, मोठे गुन्हे उघडकीस आणले. ‘त्या वाडीतली माणसं अशीच’, ‘हा पोरगा चोरच’ असं कुणी म्हणालं की मी विचारत असे, किती वेळा पाहिलंत? बहुतेकांनी एकदा पाहिलेलं असे. काहींनी तेही नाही. मीही त्यांच्यातलाच एक होतो, हे मी त्यांना सांगत नसे, पण विसरतही नसे.

आणि त्या उतारावर तिला जाताना पाहून आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. तिने माझ्याकडे वरची जागा कधी मागितलीच नव्हती. ती फक्त पाळी मागत होती. एवढं समजायला मला हजार पत्ते काढावे लागले.